एक व्हायोलिन, दोन माणसं

८ मार्च
पास्काल मास्तरांकडून व्हायोलिन शिकून परतताना मी कुस्तोदियोच्या सायकलच्या दांडीवर बसायची. मांडीवर दोघांच्या पेट्या. एकदा उतारावर मी त्याचे डोळे झाकले! पेट्या शाबूत, त्याचं डावं कोपर मोडलं. ते वाकडंच जुळलं. चाळिशीत तिथली नस ताणून ताणून दमली आणि शेवटची दोन बोटं आकसली. वाजवणं सुटलं. मला कधी एका शब्दाने बोलला नाही.

आज आठवायचं कारण – दुपारी दारापुढच्या बल्कांवातल्या लांब खुर्चीत झोपले, उजवा दंड कडेवरून लोंबत. उठले तर पंजा खालीच. उचलता उचलेना! हे डाव्या हाताने लिहितेय. कॉन्व्हेंटमध्ये पट्टी बसली असती.

९ मार्च
धाकटी बहीण पेर्पेत रडली. "अगो, पक्षाघात! पाद्रींना बोलावते." पाद्री मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊन आलेसुद्धा. मी त्यांना जीभ काढून दाखवली.

डॉक्टर फुर्तादो हसले. "बाय, दारुडे बाकावर हात टाकून झोपतात, त्यांना हे होतं. मनगट उचलणारी नस दंडाच्या हाडामागून जाते, ती दबली. दोनेक महिन्यांत येईल." हाताला फळी बांधली.

पेर्पेत लगेच, "फेणी किती घेतलीस?"

एकच!

पण ३ मेला वाड्यावरच्या क्रुसापुढची लदीन, सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. चाळीस वर्षं मी वाजवते. गज धरवत नाही.

२ एप्रिल
वाड्यावरच्या शेजाऱ्यांची बैठक. "पलीकडून कीबोर्डवाला आणू." कीबोर्ड! मी लदीनीनंतरचे चणे खायलासुद्धा येणार नाही म्हटलं.

मागून कुस्तोदियो – "तिची डावी बोटं धड आहेत. माझा उजवा हात धड आहे."

सगळे हसले. मी नाही हसले.

५ एप्रिल
पहिली तालीम. व्हायोलिन माझ्या खांद्यावर, बोटं माझी. मागे उभा राहून गज त्याचा.

"हलू नकोस गो!"

"तू मानेवर श्वास सोडू नकोस!"

पहिल्याच सुराला शेजारची डुकरं पळाली. पेर्पेत आतून – "विधुर माणूस आहे, दार उघडं ठेव!"

२० एप्रिल
आज तीन ओळी सलग. मी पुढे धावते, तो मागे ओढतो. म्हणाला, "तुझी घाई माझ्या कोपराला ठाऊक आहे." पन्नास वर्षांनी बोलला एकदाचा! मी रडले. मग दोघंही हसत सुटलो.

४ मे
काल झाली लदीन! सगळा वाडा गायला. एक सूर घसरला – त्याचा. (बरं, माझा.) निघताना म्हणाला, "आता हात येईल तुझा. माझं काम संपलं." टोपी घालून गेला.

५ मे
मनगट २६ एप्रिललाच उठलं होतं. फळी मुद्दाम ठेवली.

माझ्यामागे – खुर्ची पेर्पेतला. मोत्यांची जपमाळ पाद्रींना, फुकट गेलेल्या तेलाबद्दल. व्हायोलिन कुस्तोदियोला.

ही वहीही त्यालाच. पण माझ्यामागे नको. उद्या सकाळी पेर्पेत मासळीला गेली की मीच नेऊन देते.