तीनशे बारा ड्राइव्ह आणि हिचा एक लॅपटॉप

माझ्या उजव्या फुप्फुसावरचा आठ मिलिमीटरचा डाग अकरा वर्षांपूर्वीही आठ मिलिमीटरचाच होता. तो वाढलेला नाही, त्यामुळे छाती उघडण्याचे कारण उरलेले नाही. हे काल, मंगळवारी सकाळी, छातीच्या डॉक्टरांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी शेजारी ठेवून माझ्या आणि पत्नीच्या समक्ष सांगितले.

मृत्युपत्र करायचे ठरले ते तीन आठवड्यांपूर्वी, डाग पहिल्यांदा दिसला त्या दिवशी. आता तेवढी घाई नाही. पण साक्षीदारांना आजची संध्याकाळ दिली आहे आणि दिलेली वेळ मी आजवर चुकवलेली नाही. म्हणून लिहितो.

मी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा लॅपटॉप दुरुस्ती, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंवरून घरात शब्दाला शब्द लागू नये यासाठी हे लिहून ठेवीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या जोडपत्रात आहेत. येथे मी माणसांना घरात म्हणतो तसेच म्हणणार आहे.

एक. राहते घर पत्नीचे. तिच्यानंतर मुलीचे. मागच्या खोलीचे दार जरा उचलून लावावे लागते. ते दुरुस्त करीन असे मी वीस वर्षे म्हणत आलो. मुलीने सुतार बोलवावा, उगाच माझा मान राखू नये.

दोन. बँकेतील ठेवी पत्नीच्या. कागद तिच्याच कपाटात आहेत, मला कप्पासुद्धा माहीत नाही.

तीन. दुकान, त्याची पाटी, कामाचे टेबल, भिंगाचा दिवा, चिमटे आणि स्क्रू चिकटून राहतात ती चुंबकाची थाळी मुलीची. गेली चार वर्षे दुकान तीच चालवते, मी दुपारी जाऊन बसतो आणि मध्ये मध्ये बोलतो. माझी खुर्ची तिने टाकून दिली तरी चालेल, ती डावीकडे कलते.

हत्यारांच्या संचात सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर नाही. तो शेजारच्या शिंप्याकडे आहे. शिलाई मशीनचा एक स्क्रू आवळायला म्हणून त्याने तो नेला, त्याला आठ वर्षे झाली. आज तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. तेव्हा स्क्रूड्रायव्हर मी त्याला दिलेला नाही, याची नोंद असावी. हे त्याला वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "दिला नाहीस ना? मग परतही मागू नकोस. अर्धवट काम मला आवडत नाही."

चार. पोटमाळ्यावर सात खोकी आहेत. त्यांत लॅपटॉपमधून काढलेले सीडी-डीव्हीडीचे तीनशे बारा ड्राइव्ह आहेत. सगळे मी माझ्या हाताने काढलेले. लॅपटॉप मंद झाला म्हणून कोणी आला की मी ड्राइव्ह काढून त्या जागी साठवणीची दुसरी, वेगवान डिस्क बसवून देत असे. मशीन पळू लागे, माणूस खूश. काढलेला ड्राइव्ह घेऊन जा म्हटले की जवळजवळ प्रत्येक जण म्हणे, "राहू द्या तुमच्याकडेच, कोण वापरतंय आता?" मीही म्हणे, "खरं आहे, याला आता कुत्रं विचारत नाही." पण प्रत्येकावर मी गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख लिहून ठेवली. दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याचीच. म्हणून हे ड्राइव्ह मला कोणाला देता येत नाहीत, परत मात्र करता येतात. ते कसे, हे सहाव्या कलमात आहे.

पाच. पत्नीचा काळा, जाड लॅपटॉप. तो माझ्या मालकीचा नाही आणि कधी नव्हता. घरातली ही एकच अशी मशीन, जिला माझा स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही. हिच्याकडे पक्ष्यांच्या आवाजांच्या चोवीस डिस्क आहेत. सकाळी गॅलरीत काही ओरडले की ही लॅपटॉप उघडून ताडून पाहते. बारा वर्षे आमचे एकच भांडण चालू आहे.

"अगं, हे सगळं इंटरनेटवर मिळतं. ड्राइव्ह काढतो, बघ कसं पळतं मशीन."

"मिळतं ना. पण मध्येच जाहिरात सुरू झाली की खरा पक्षी उडून जातो. आणि मला कुठं पळायचंय?"

मुलगी माझ्या बाजूची. ती म्हणे, "आई, आता नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह येतच नाही. ती जागा बॅटरीला लागते." त्यावर ही म्हणे, "येत नाही म्हणूनच आहे तो सोडत नाही." लॅपटॉपचा ट्रे बटणाने उघडत नाही. बाजूच्या बारीक भोकात ही टाचणी खुपसते, तेव्हा तो बाहेर येतो. तेवढे तरी दुरुस्त करू दे म्हटले तर म्हणे, "तुम्ही एकदा उघडलंत की काय काय बाहेर काढाल याचा भरवसा नाही."

आता परवाचे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी दुकानाची पाटी लावताना मी शिडीवरून पडलो होतो आणि फासळ्यांसाठी छातीचा स्कॅन केला होता. त्याची डिस्क हिने पक्ष्यांच्या डिस्कांमध्ये जपून ठेवली होती. सोमवारी आम्ही ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. प्रश्न सरळ होता. डाग तेव्हाही असेल तर निरुपद्रवी, नवा असेल तर शस्त्रक्रिया. जुन्या लेखी अहवालात फासळ्यांपलीकडे एक अक्षर नव्हते. स्कॅनवाल्यांनी फोनवर सांगितले की पाच वर्षांपलीकडचे ते काही ठेवत नाहीत. म्हणजे जे काही होते ते त्या डिस्कमध्ये.

डॉक्टरांनी डिस्क हातात घेतली, टेबलावरचा आपला लॅपटॉप जरा तिरका केला, कडेला बोट फिरवले आणि थांबले. मग माझ्याकडे पाहिले.

"काका, इथला ड्राइव्ह तुम्हीच काढला होतात. सहा वर्षं झाली."

मी वाकून कडेची पट्टी पाहिली. काम माझेच होते.

"मी विचारलंही होतं, कधी लागला तर? तुम्ही म्हणालात, याला आता कुत्रं विचारत नाही."

ही खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटले, आता बारा वर्षांचे सगळे एकदम निघणार. ती एवढेच म्हणाली, "माझ्याकडे आहे. उद्या सकाळी आणते."

काल तिने लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून आणला. टाचणी पर्समध्ये होती. डिस्क आत गेली, दोनदा घरघरली आणि थांबली. पडद्यावर काही नाही. मी हात पुढे केला तर ही म्हणाली, "तुम्ही बसा." तिने डिस्क बाहेर काढली, चष्म्याचे फडके घेतले आणि मधून कडेकडे पुसली. गोल गोल नाही. गोल पुसू नका, ओरखडा पडला तर ट्रॅकवर, म्हणजे डिस्कच्या गोल रेघांवर, आडवा पडू द्या, रेघेबरोबर लांबलचक नको, हे मी दुकानात आयुष्यभर सांगत आलो. गिऱ्हाइकांनी ऐकले की नाही ते ठाऊक नाही, घरात कोणीतरी ऐकत होते. दुसऱ्या वेळी नुसतीच घरघर, तिसऱ्या वेळी चित्र उघडले. डॉक्टरांनी फासळ्या ओलांडल्या, वर वर गेले, आणि डाग तिथेच, तेवढाच बसलेला होता.

सहा. ड्राइव्ह लॅपटॉपच्या आत हवा की नको, या वादाचा निकाल मी पूर्ण शुद्धीवर असा लिहून ठेवतो की तो हिने जिंकला.

मुलीला हे मान्य नाही. काल रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आई जिंकली म्हणून उद्यापासून लॅपटॉप जाड होणार आहेत का?" तिचेही खरे आहे. बारा वर्षांत एकदा लागणारी वस्तू प्रत्येकाने रोज खांद्यावरून वाहू नये. पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती हाताशी असली पाहिजे. म्हणून मुलीने असे करावे. चालू असलेल्या प्रत्येक ड्राइव्हला बाहेरून वायरने जोडायची पातळ पेटी बसवावी आणि ज्याचे नाव त्यावर आहे त्याला निरोप धाडावा. जे घ्यायला येणार नाहीत त्यांचे दुकानातच राहू द्यावेत. कोणी डिस्क घेऊन आला, कोणाचा स्कॅन, कोणाच्या लग्नाचे चित्रण, तर त्याला ड्राइव्ह दोन दिवस वापरायला द्यावा. त्याचे काही घेऊ नये. आणि पुन्हा कोणाला, अगदी गंमत म्हणूनही, कुत्र्याचे ते वाक्य ऐकवू नये.

सात. माझ्या छातीची डिस्क पक्ष्यांच्या डिस्कांमध्येच राहावी. कलम संपवता संपवता हिला विचारले, तुझे काही लिहायचे राहिले आहे का? ती म्हणाली, "मृत्युपत्र ठेवा बाजूला. ट्रे रविवारी दुरुस्त करा. मी समोर बसेन. स्क्रू मोजून काढायचे आणि मोजूनच लावायचे." त्याप्रमाणे रविवारी सकाळी हिचा लॅपटॉप पहिल्यांदा माझ्या टेबलावर येईल. शिंप्याने त्या दिवसापुरता बारीक स्क्रूड्रायव्हर आणून द्यायचे कबूल केले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी: (सही) स्क्रूड्रायव्हर रविवारी संध्याकाळी परत घेईन.

साक्षीदार दुसरे, छातीचे डॉक्टर: (सही) लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. माझा ड्राइव्ह खोके क्रमांक पाचमध्ये सापडला, तो आज घरी नेत आहे. पुढचा स्कॅन वर्षाने, ऑक्टोबरमध्ये. येताना डिस्क आणावी.