एकच खुर्ची

रोल्ला, डिसेंबरातला शुक्रवार, संध्याकाळ

आज शेवटी आई-बाबांशी बोलले. सुट्टीत गावी येणार नाही, कॅरिबियनमधल्या त्या छोट्या बेटावर जाणार, एकटी. फोटो दाखवला. संथ समुद्र, एक झाड, झाडाखाली एकच खुर्ची. तिथे म्हणे कुणालाच घाई नसते. इथे आखातात, आमच्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्यात पहाटेपासून ‘यल्ला, यल्ला’, चला, आटपा. मला श्वास पुरत नाही, हे मात्र सांगता आलं नाही.

आई म्हणाली, “समुद्रच बघायचा तर गावी आहे की! आणि तिथे आपलं कोण आहे गं?”

कोणी नाही. म्हणूनच ना!

बाबा बराच वेळ ती खुर्ची बघत होते. वाटलं, त्यांना कळलं. डब्यांवरची नावं दाखवून मला अक्षरं त्यांनीच शिकवली, माझा चेहरा वाचता येणार नाही का? मग म्हणाले, “खलास, ठरलं! सगळेच जाऊ. काका-काकूंनाही विचारतो.”

नको म्हणायला हवं होतं. पण इतके खूश झाले होते. कसं म्हणायचं?

आता आई बाहेरून विचारतेय, मेतकूट किती घेऊ? आणि तिथे आणखी खुर्च्या मिळतील ना?

मिळतील, म्हणाले मी, आणि दार लावून घेतलं.