फ्रिजला काही झालेलं नाही

प्रिय रुचिका,

फोन केला की तुझी आई उचलते आणि तू झोपलीयस म्हणते. सकाळीही झोपलेली, दुपारीही झोपलेली. सासरी एवढी झोप तुझ्या वाट्याला कधी आली नाही, तेव्हा माहेरी घे हवी तेवढी. पण हे पत्र मात्र एकटी असताना वाच. नवशा मेकॅनिक आज तुमच्या अंबाडीला कुणाचा तरी एसी बघायला चाललाय, त्याच्याच हाती देते आहे.

भावेश तू गेलीस तेव्हा होता तसाच आहे. सलाईनचे काळेनिळे डाग अजून हातावर आहेत, गाल आत गेलेत. काल विचारत होता, काकी माझ्यावर रागावून गेली का? साखर वाढायला लागली तेव्हा लग्नातली जिलबी चोरून खाल्लीस म्हणून सगळ्या घराने त्याला झापलं होतं ना, त्याला वाटतं तूही त्याच रागात गेलीस. त्याने एक तुकडासुद्धा खाल्ला नव्हता ग. आयसीयूत शुद्धीवर आल्यावर पोर पहिलं वाक्य तेच बोललं.

मी हल्ली दिवसभर काय करते माहीत आहे? फ्रिज तपासते. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला. निघाला नाही, म्हणजे रबर घट्ट आहे. मागच्या जाळीवर खालच्या कापडाच्या लूमचा कापूस इतका बसला होता की एक उशी भरली असती. तो ब्रशने काढला. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, आतलं पाणी जायचं भोक तारेने साफ केलं, शेजारचा स्टॅबिलायझर आणून लावला. कामतघरची वीज तुला ठाऊकच आहे, गाळ्यांत लूम एकदम सुरू झाले की आपले दिवे मिचमिचतात. आपल्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या, फ्रिजला आता हळदकुंकू तेवढं लाव. म्हणू देत. मला त्यात एखादा बिघाड सापडायलाच हवा होता. बिघाड सापडला तर माझं पोर वाचेल, आणि तो मेला फ्रिज आपला बर्फासारखा गार.

आपल्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. नणंद हेमालीच्या हळदीला आपला फ्रिज म्हणजे अख्ख्या आळीचं कोठार झालं होतं. मसाला लावलेल्या कोंबडीची पातेली, बोंबील, कोलंबी, जिला जिथे जागा दिसली तिने तिथे कोंबलं. भावेशच्या इन्सुलिनचा डबा त्या रेट्यात पार मागे गेला, जिथे भिंतीला बर्फ धरतो तिथे. दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी दगड झालेली आणि कोथिंबीर काळी पडलेली मी पाहिली होती. लग्नघरात कोथिंबिरीचं कोण मनावर घेतं? वरात गेली, पाहुणे पांगले, मग मी नवी बाटली उघडली. पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. इन्सुलिन एकदा गोठलं की नंतर वितळलं तरी त्यात दम राहत नाही, हे मला डॉक्टरांनी दवाखान्यात सांगितलं. मी वेळच्या वेळी टोचत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत पोर वाळत होतं.

औषध गोठलं असेल, असं डॉक्टर म्हणाले म्हणून भावेशच्या बापाने, मनोजने, नवशाला बोलावलं. तो काय म्हणाला ते तू ऐकलंस. वयनी, फ्रिजला काय झाला न्हाय, एकदम वक्कास हाय. मग त्याने आतली थंडीची चकती बघत विचारलं, कोनी नंबर वाढवलेला काय? तू भाकऱ्या थापत होतीस. तुझा हात थांबला. बाकी कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

नंबर कुणी वाढवलाच नाही असं धरून मनोजने मात्र हिशेब जुळवून टाकला. फ्रिज चांगला, औषध चांगलं, टोचलं वेळेवर, तरी पोर मरायला टेकलं, म्हणजे ही सुईच त्याला लागू नाही. आक्कांनी वाडा गावाच्या बाजूचा एक वैद्य शोधलाय. सुई पहिल्या दिवसापासून बंद, पोराने त्याच्याकडेच राहायचं, सोबत आई नको. सोमवारी सकाळी गाडी सांगितली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलंय की इन्सुलिनशिवाय हा जगणार नाही. त्यावर मनोजचं उत्तर, त्यांचा धंदा हाय, ते तसंच बोलनार. वाईट माणूस नाही ग तो. दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडलाय. म्हणून तर जास्त भीती वाटते, प्रेमापोटी करतोय आणि ऐकत नाही. घरातल्या बाटल्या त्याने फेकून दिल्या. मी दुसरी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून जुन्या माठात लपवली आहे आणि न्हाणीघरात नेऊन चोरून टोचते. भावेश आवाज करत नाही. पण तिकडे त्याला कोण देणार?

तुझा राग आला नाही असं खोटं लिहीत नाही. पहिले दोन दिवस तुझं नावसुद्धा नको वाटत होतं. मग वाटलं, एवढ्या बायकांची मासळी नासू नये म्हणून नवी सून आणखी काय करणार? मला कुणी सांगितलं असतं तर मीही नंबर शेवटपर्यंत फिरवला असता. म्हणून तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरवून काल सगळ्यांसमोर मी सांगितलं, नंबर मी वाढवला होता, औषध माझ्यामुळे गोठलं. कुणी मानलं नाही. हळदीला मी पूर्ण वेळ मांडवात हळदीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या शेजारी बसलेली, व्हिडिओतही दिसते. आक्का म्हणाल्या, पोरासाठी ही कायपन बोलंल. त्यात तरी त्यांचं काय चुकलं? स्वयंपाकघरात तू होतीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ये, रुचिका. सोमवारी गाडी निघायच्या आत ये, मनोजसमोर उभी राहा आणि नंबर मी फिरवला होता एवढं एक वाक्य बोल. आक्का बोलतील, बोलू देत, मी तुझ्यापुढे उभी राहीन. माझं खोटं त्यांनी ऐकलं नाही, तुझं खरं ऐकतील.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
उन्नतीताई