निळ्याचा क्लच

प्रिय ठकू,

बातमी आधी सांगते, नाहीतर माझ्या पोटात राहायची नाही. ट्रॅक्टर घेतला! जुनाच, पण आपला. आणि तोही निळा. बस आता हसत. तुझे बाबा असते तर जेवले नसते. त्यांच्या लेखी लाल सोडून बाकी सगळी डबडी. काका त्यांचेच भाऊ. बाबा गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद, वहिनी, लाल घ्या आणि मी चालवतो, नाहीतर जमीन मला वाट्याने द्या. वाट्याने दिलेली जमीन परत आपल्या हाताखाली येणं किती अवघड, हे मला कळत नाही का?

व्यापाऱ्याच्या आवारात दोन्ही ट्रॅक्टर शेजारी उभे होते. लाल अगदी नवऱ्या मुलासारखा नटवलेला. किल्ली फिरवली की सुरू. काका खूश. मी सहज बॉनेटवर हात ठेवला, तर चांगलं गरम! आम्ही पोचायच्या आधीच तापवून ठेवला होता लबाडाने. मग मी बाकावर ठाण मांडलं, म्हटलं गार होऊ दे. व्यापाऱ्याने चहा पाजला, नातवंडांचे फोटो दाखवले, पण मी काही हलले नाही. गार झाल्यावर लाल नुसता खोकत बसला. निळा पहिल्याच फटक्यात सुरू. काका एकदम घड्याळात बघायला लागले.

पण खरं सांगू? लाल धडधाकट असता तरी मी निळाच घेतला असता. त्याच्या क्लचवर माझा पाय नीट पोचतो. लालवर माझे पाय लोंबकळतात. हो, मीच चालवते! शेजारच्या मास्तरांच्या ट्रॅक्टरवर गुपचूप शिकत होते. व्यापाऱ्याने ड्रायव्हर कोण विचारलं तेव्हा काका पुढे सरसावले, तोवर मी सीटवर चढलेसुद्धा. फाटकाला जरासं घासलं, ते जाऊ दे. काल ओढ्याकडची पट्टी नांगरली. नांगराचे तास वाकडे आलेत, पण माझे आहेत. बांधावर उभी राहून बघत होते, आणि मला माझाच इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आता तुझ्या पत्राचं. शेताकडे बघायला कोणी नाही म्हणून डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष सोडून येते, असं लिहिलंस. वाचून जिवाला घोर लागला. म्हणूनच हे सगळं एवढं पाल्हाळ लावून सांगितलं. सुट्टीत ये, चार दिवस लाड करून घे. पण शिक्षण सोडून येऊ नकोस, बाळा. इथली ड्रायव्हरची जागा भरली आहे.

तुझीच, ग्रीसचे हात धुऊन लिहायला बसलेली,
आई