लोखंडी रात्री संपल्या

प्रिय एस्किल,

फोनवर हे बोलता येत नाही, पप्पा शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहितेय. यंदा कोलियसच्या कुंड्या आत आणायला मी सप्टेंबरातच सुरुवात केली. तू हसशील. "टोर्डिसला भर उन्हाळ्यातही थंडी वाजते," असं तू म्हणायचासच. पण या रंगीत पानांना थंडीची एक रात्रही सोसत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. लाल, जांभळा, पोपटी हे रंग पप्पांनी मला त्यांच्या रोपवाटिकेत याच पानांवर शिकवले. कुंडी आत घेण्याआधी पानं उलटून कीड बघायची, पहिले काही दिवस काचेच्या पडवीत ठेवायची, एकदम हीटरच्या उबेला न्यायची नाही, हेही त्यांचंच. मी तसंच केलं. सगळ्या कुंड्या पडवीत लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा अंगणात होत्या आणि पप्पा हात झटकत उभे. "लोखंडी रात्री संपल्या," म्हणाले, "आता कशाला कोंडून ठेवायचं बिचाऱ्यांना?" जूनमधल्या गारठ्याच्या त्या लोखंडी रात्री सरल्या की आपण झाडं बाहेर काढतो, तेव्हा म्हणतात अगदी तसं. अंगणभर बर्चची पिवळी पानं पडली होती. मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा.

तेव्हापासून सकाळी ते कुंड्या बाहेर नेतात आणि संध्याकाळी मी आत आणते. वाद घालणं मी सोडून दिलंय. शेजारची गुनवॉर कुंपणावरून ओरडते, "अगं, चाकं तरी लाव त्या झाडांना!" तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "माझ्याशी तर छान बोलतात. तू उगाच घाबरतेस." बोलतात खरे. तू फोन केलास की आधी "मी एस्किल" म्हणतोस ना.

मंगळवारी त्यांच्या गोळ्या आणायला कल्मारला गेले. परतीची बस रद्द झाली, तिथेच राहावं लागलं. गुनवॉर सोबतीला येऊन झोपली, पण कुंड्यांचं तिच्या ध्यानात आलं नाही. सकाळी येऊन बघते तर गवतावर पांढरा थर आणि सगळे कोलियस काळे, उकडलेल्या पालेभाजीसारखे लोळलेले. पप्पा पायरीवर बसून एकेक पान बोटांनी चाचपत होते. "कुणी ठेवली ही बाहेर?" मी म्हणाले, "मी." एस्किल, मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. पण दुसरं काय सांगणार होते?

ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नकोस, पोरी. तू रोपवाटिकेत नवीन आहेस. माझी टोर्डिस येईल आता, तिच्याकडून शिकून घे. तिला मी स्वतः शिकवलंय. तिच्या हातून असं कधी झालं नसतं."

रोपवाटिका बंद होऊन किती वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक फांदी आधीच तोडून मी स्वयंपाकघरात पाण्याच्या ग्लासात ठेवली होती. तिला मुळं फुटलीत. तेवढंच उरलंय. डॉक्टर काय म्हणतात, पुढे कसं करायचं, ते दोघं मिळून बघू. पण आधी तू ये. तुझं नाव अजून त्यांना चेहऱ्यासकट आठवतं. त्यांच्यासमोर बस, कॉफी पी, आणि मग सहज, नेहमीसारखी, मला नावाने हाक मार.

तुझी बहीण,
टोर्डिस