उपाशी माशांच्या गुळाबाबत

दि. २८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
वऱ्हाड जीवविज्ञान संशोधन केंद्र, अमरावती

विषय : फळमाशांच्या खाद्याची मागणी मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपली तीन त्रुटीपत्रे.

महोदय,

१. अर्जदार पौर्णिमा गावंडे, मूळ राहणार हिवरखेड, आपल्याच केंद्रात संशोधक आहे. एक जनुक बंद केल्यास फळमाशी चरबी जास्त साठवते व उपाशीपोटी जास्त तग धरते काय, हे ती पीएच.डी.च्या प्रबंधासाठी तीन वर्षांपासून तपासत आहे. त्याकरिता जनुक बंद केलेल्या व साध्या, अशा दोन्ही माशा आधी सारख्या खाऊ घालून मगच उपाशी ठेवाव्या लागतात.

२. जूनमध्ये तिने मक्याचे पीठ व गूळ मागितला. प्रयोग उपासमारीचा असल्याने खाद्याची गरज दिसत नाही, असे आपण कळविले. भांडारपाल शेखरभाऊंनी तोंडीही समजाविले, "उपाशीच ठेवाच्या हायेत त गूळ काहून पायजे बाई?" तिने दोन पानी खुलासा दिला. त्यावर आपण माशांची हजेरी मागितली. पुढे, वरूडच्या संत्रामंडीत माशा फुकट मिळत असता पाळायच्या कशाला, असेही विचारले. मंडीतल्या माशांचे जनुक बंद करून कोणी विकत नाही, हे तिने नम्रपणे कळविले.

३. तोवर ती पदरची केळी घालून माशा जगवीत होती. पोळ्याला गावी जाताना तिने चार दिवसांची केळी परिचर श्यामरावांकडे दिली. दुसऱ्याच दिवशी आपली भांडार तपासणी समिती आली. समितीने केळी अनधिकृत खाद्य ठरवून जप्त केली, चहासोबत संपविली व खोलीला कुलूप लावले. समितीच्या सदस्यांची प्रकृती पाहता उपासाचे भय त्यांना नसावे.

४. पाचव्या दिवशी कुलूप निघाले. साध्या माशा एकजात मेल्या होत्या. जनुक बंद केलेल्या चरबीवाल्या फिरत होत्या. म्हणजे अर्जदाराचे म्हणणे खरे ठरले, आणि वायाही गेले. कोणती माशी केव्हा मेली हे कोणी टिपले नाही, तेव्हा हा निष्कर्ष विद्यापीठ मानत नाही. अर्जदार कुप्यांजवळ बसून रडली, हेही नमूद करते.

५. सबब, गूळ आता नको. प्रबंधाच्या मुदतवाढीच्या अर्जात, प्रयोगातील उपासमार कोणी केली, असा रकाना आहे. अर्जदाराने ती केलेली नाही. तरी तेथे कोणाचे नाव लिहावे, एवढेच कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पौर्णिमा गावंडे

सोबत : मृत साध्या माशा, कुपी एक. पोच मिळावी.