केसाएवढे तडे

५ एप्रिल
शेजारच्या बबिताने आज वडिलांकडून, म्हणजे देवसिंगकडून, गाडीची चावी काढून घेतली. पुरावा — बॉनेटवरचे तडे. पांढऱ्या फायबरवर केसासारख्या रेघा. वणीची कोळशाची धूळ शिरून काळ्या झालेल्या. तिचे म्हणणे असे की, बापाला आता नीट दिसत नाही, कुठेतरी धडकला आणि लपवतो आहे. जन्मभर एसटी चालवलेला माणूस तिच्यापुढून उठून गेला. माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "सर, म्हातारा म्हटलं त चालते. पण थे मले खोटा म्हणून राह्यली."

६ एप्रिल
धूर असेल तेथे अग्नी असतो. तडा असेल तेथे धडक असतेच, असे नाही. बबिताचे अनुमान सदोष आहे.

८ एप्रिल
बॉनेट धुतले. तड्यांवर माझ्या पेनातली निळी शाई चोळली आणि पुसली. फटींत शाई उरली, प्रत्येक रेघ शेवटपर्यंत दिसू लागली. समोरून काही आदळले असते, तर एका बिंदूभोवती वर्तुळे उमटली असती. येथे वर्तुळ एकही नाही. साऱ्या रेघा समांतर, आणि त्याही बिजागरीजवळ. अर्थात फायबर तेथे वारंवार वाकते आहे. कशाने?

९ एप्रिल
उत्तर सकाळीच मिळाले. चावी नसली तरी देवसिंग रोज बॉनेट उघडतो! एकच कोपरा धरून उचलतो, तेल-पाणी पाहतो, आणि धाडकन सोडून देतो — एसटीच्या लोखंडी बॉनेटला सोडावे तसे. मी कारण विचारले, तर त्यालाच नवल वाटले. गाडी पाहिल्याबिगर काढायची काहून, म्हणे.
म्हणजे ज्याला ती निष्काळजीपणाचा पुरावा मानते, तो त्याच्या काळजीचा पुरावा आहे.

१२ एप्रिल
बबिताला सकाळी बोलावले. देवसिंगला काही सांगितले नाही. त्याने नेहमीप्रमाणे कोपरा उचलला, तशा बिजागरीजवळच्या निळ्या रेघा उघडल्या. तिने त्यांवर बोट ठेवून पाहिले. मग म्हणाली, तडे बुजले की चावी देते. वाजवी अट आहे.

१४ एप्रिल
जयंती. गाडीला सुट्टी.

१६ एप्रिल
नुसती पुट्टी भरून रंग मारला तर तडा परत येतो. मूळ आत असते. म्हणून रेघा घट्ट थरापर्यंत कोरून घेतल्या. आतून बिजागरीपाशी काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर रेझिनने बसवायचे ठरले. रेझिन घट्ट करणारे हार्डनर मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे घातले. ते प्रमाण कुठल्या तरी थंड गावचे असावे! मगातच धूर निघाला आणि रेझिनचा दगड झाला. देवसिंग म्हणाला, "सर, गरम आहे तवर भजे काढून घ्या."
हार्डनरचा डबा त्याने वाचण्यासाठी माझ्याकडे दिला. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

१७ एप्रिल
उजाडताच, हार्डनर कमी करून. दोन्ही थर बसले.

१९ एप्रिल
वरचा पांढरा थर दिला, पाणी लावून बारीक पॉलिश कागदाने घासला. पुन्हा शाई चोळून पुसली. काहीही उरले नाही. बॉनेट आता तो दोन्ही हातांनी खाली ठेवतो, झोपलेले मूल ठेवावे तसे.
धडक झाली नव्हती, हे सिद्ध झाले. त्याला नीट दिसते, हे सिद्ध झालेले नाही. तो प्रश्न पुन्हा कोणी उपस्थित केला नाही. मीही केला नाही.

२० एप्रिल
बबिताने चावी त्याच्या हातावर ठेवली. त्याने मूठ मिटली, थोडा थांबला, आणि ती परत तिच्याच हातात दिली. "गुन्हेगार म्हणून नसती देली मी. आता घे. समोरचा एक ट्रक मले दोन दिसते." आणि स्वतः डावीकडे जाऊन बसला.
मी मागे. मारेगाव येईपर्यंत तिचा एकही गिअर त्याच्या पसंतीस उतरला नाही.